हात दाबून दाखव

मी हॉस्पिटलात होतो तेव्हा वॉर्डात शेजारच्या खाटेवर जगतापमावशी होत्या, त्यांनाही माझाच आजार. त्यांच्या मुलीचा परवा फोन आला. तिच्या ओळखीतल्या कुणाला तरी आमचाच आजार झालाय आणि तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असतो, घरच्यांशी एक शब्द बोलत नाही. "दादा, तुम्ही काहीतरी लिहून द्या ना. तुम्ही कुस्तीवाले, तुमचं ऐकेल तो." मी म्हटलं, अगं, कुस्तीवाला म्हटल्यावर तो जे समजेल ते मी नाहीच. तरी लिहितो म्हणालो. तर भाऊ, हे तुझ्यासाठी. घरच्यांनी वाचून दाखवलं की भिंतीकडे बघतच ऐकलंस तरी चालेल.

आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी आहे, आम्ही सगळे जीबीएस म्हणतो. आपल्याच शरीरातली राखणदारी आपल्याच नसांवर उलटते आणि पायाकडून वर वर ताकद जात जाते. मला एवढंच कळतं. बाकी डॉक्टरांना विचार, मोबाईलला विचारू नकोस. मी विचारलं होतं आणि दोन दिवस जेवलो नव्हतो.

धंदा

मी महेश. वय अडतीस, राहणार बिबवेवाडी. सकाळी एका जिममध्ये लोकांना वजनं उचलायला लावायचो आणि बाकी वेळ प्रो रेसलिंग. टीव्हीवर असतं तेच, फक्त टीव्हीशिवाय. कुठल्या कंपनीचा पगारी माणूस नाही. फोन आला की बॅग उचलून निघायचं. मॉलमधले शो, कॉलेजची गॅदरिंग, हिंजवडीतल्या कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. तिथे पहिल्या रांगेत मॅनेजर बसलेले असतात आणि मागची पोरं त्यांच्या नावाने ओरडून घेतात.

रिंगमधलं माझं नाव भैरव. काळी चड्डी, कपाळभर भस्म, वाईट नजर. लोकांनी मला शिव्या घालायच्या आणि शेवटी मी हरायचं, हे ठरलेलं. अकरा वर्षं मी ठरल्याप्रमाणे हरत आलो आणि चांगला हरायचो. निकाल आधी ठरतो, पण प्लायवुडवर पाठ आपटली की लागायचं ते लागतंच. त्यावर पातळ फोम असतो, तो बघणाऱ्यांच्या समाधानासाठी.

माझे वडील, अण्णा, तरुणपणी तालमीत घुमलेले. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. त्यांना हा धंदा कधी पटला नाही. "ठरवून चितपट व्हायचं? ही काय कुस्ती हाय? ह्यापरीस नाटकात जा, निदान टाळ्या तरी मिळतील," असं एकदा म्हणाले आणि मग त्या विषयावर बोलायचे थांबले. अकरा वर्षांत माझा एकही शो त्यांनी बघितला नव्हता. मला ते लागायचं. आता लपवून काय करायचंय, खूप लागायचं.

आमच्यात एक रीत आहे, ती इथे सांगतो कारण पुढे सगळं तिच्यावरच आहे. रिंगमध्ये कुणी पडला की पंच त्याच्याजवळ गुडघ्यावर बसतो आणि हात हातात घेतो. लोकांना वाटतं, शुद्धीवर आहे का ते बघतोय. खरं तर तो हात दाबून विचारत असतो, ठीक आहेस ना? पडलेल्याने हात परत दाबला की पुढे चालू. नाही दाबला, तर नाटक संपलं. पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो आणि खेळ तिथेच थांबतो. तोंडाने काही बोलायचं नाही, कारण तोंडाने आम्ही खोटंच बोलत असतो. हाताने कुणी खोटं बोलत नाही.

तो रविवार

त्या रविवारी मी पहिल्यांदा जिंकणार होतो. विजेत्याचा पट्टा माझ्या कमरेला लागणार होता. हे ठरवलं पंकजने. पंकज अमरावतीचा, हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शनिवार-रविवार माझ्याकडून मार खाल्ल्यासारखं करून मला हरवतो. तो म्हणाला, "किती दिवस हरून राहिला बे? या खेपेले तू जिंक. लोकायले बी कंटाळा आला." माझी बायको मृणाल, ती कोथरूडला शिकवण्या घेते, तिने अण्णांच्या मागे लागून लागून त्यांना तयार केलं. "एकदा या. एकदाच. नाही आवडलं तर उठून या." अण्णा हो म्हणाले. मला तीन दिवस झोप नव्हती.

आठवडाभर आधी माझं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून सुटून मागेच राहायची. गुरुवारी जिना चढताना कठडा धरावा लागला. मृणालने बघितलं आणि म्हणाली, "घरात नाटक नको हं, महेश. लंगडायचं ते रिंगमध्ये लंगड." तिची काही चूक नाही. दर शोच्या आधी मी घरभर लंगडायचा, कण्हायचा सराव करायचोच. तिला कुठून कळणार? मला तरी कुठे कळलं? मला वाटलं, टेन्शन आहे, जिंकायची सवय नाही.

रविवारी सकाळी शर्टाची बटणं लागेनात. तेव्हा तरी थांबायला हवं होतं. भाऊ, तुझ्या घरात कुणाला असं झालं तर तेव्हाच थांबवा, एवढ्या एका वाक्यासाठी बाकीचं ऐकलंस तरी पुष्कळ झालं.

दुपारचा शो होता. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर अण्णा. टोपी घालून, हाताची घडी, लग्नात चुकीच्या पंगतीला बसल्यासारखे. मी रिंगमध्ये गेलो आणि लोकांनी हुर्यो केली तेव्हा त्यांनी आजूबाजूला जरा रागाने बघितलं. ते मला वरून दिसलं. त्या बघण्यावर मी वर्षभर जगलो असतो.

पाचेक मिनिटांनी पंकजने मला पाडलं, ठरल्याप्रमाणे. आमचे पंच लिमये सर, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. ते शेजारी बसले. "काय भैरव, उठताय का इथेच चहा मागवू?" असं पुटपुटत त्यांनी हात दाबला. मी परत दाबायला गेलो. बोटं हललीच नाहीत. त्यांनी पुन्हा दाबला. नाही. सरांचा चेहरा बदलला. आणि तेव्हा मी ते केलं जे आमच्यात कुणी करत नाही. मी तोंडाने बोललो. "सर, ठीक आहे, घामाने हात सटकतोय, चालू ठेवा." दोन मिनिटांवर पट्टा होता. तिसऱ्या रांगेत अण्णा होते.

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी दोरात कोपर अडकवून उठलो, पंकजला खांद्यावर घेतलं आणि फिरवायला गेलो तर हातांनी त्याला सोडून दिलं. तो वेडावाकडा खाली गेला, खांद्यावर. त्याच्या शेजारी मी. लोकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या. एवढं खरं आम्ही कधी केलंच नव्हतं ना.

मी पडल्या पडल्या तिसऱ्या रांगेकडे बघितलं. अण्णा उठले होते. टोपी नीट करत दाराकडे चालले होते. त्यांना वाटलं, पोरगा आजही ठरवून हरला. मी हाक मारली असावी, पण त्या टाळ्यांत ती मलाच ऐकू आली नाही. मग सरांच्या हातांची फुली दिसली.

मोजणी

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी सुया टोचल्या, पाठीतून पाणी काढलं, ते सगळं तुझंही झालं असेल. संध्याकाळी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हा आजार आधी वाढतो, मग थांबतो, मग उतरतो. किती वाढेल ते आज सांगता येत नाही. पण बहुतेक लोक परत चालतात." मी विचारलं, "रिंगमध्ये?" त्या म्हणाल्या, "आधी संडासपर्यंत चालू या." पुण्यातल्याच होत्या बाई.

दुसऱ्या दिवशी मला अतिदक्षता विभागात नेलं. तिथे दिवसातून तीन वेळा एकच परीक्षा असायची. एक मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी मी चोवीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग चौदा. पडद्यापलीकडे डॉक्टर मृणालला सांगत होत्या की आणखी खाली आलं तर श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागेल. त्या हळू बोलत होत्या, पण माझं चालत काय होतं तिथे? कान तेवढे शाबूत होते.

रिंगबाहेर पडलं की आमच्यात दहा आकडे मोजतात. दहाच्या आत परत आत यायचं. किती वेळा मी नवापर्यंत मजेत पडून राहिलोय, लोकांना तंगवायला. आता आकडे मीच मोजत होतो आणि दहाच्या पुढे जायला मिळावं म्हणून देवाला सांगत होतो. एका सकाळी अकरावर आवाज संपला. सिस्टरने लिहून घेतलं. मी खूप घाबरलो. एवढा मोठा गडी, कपाळाला भस्म फासून हजार लोकांसमोर उड्या मारलेला, आणि आई आई करत होतो मनातल्या मनात.

एक गंमत सांगतो. पाठीत असह्य दुखायचं. पण आवाज इतका क्षीण झाला होता की "सिस्टर, दुखतंय" हे मी हवामान सांगावं तसं सांगायचो. त्या म्हणायच्या, "थोडं दुखणारच हं काका." अकरा वर्षं न दुखलेलं दुखवून दाखवलं मी, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. आणि खरं दुखलं तर दोन फुटांवरच्या बाईला पटेना. शेवटी मृणालने सांगितलं, "अहो, हा माणूस बारीकसं लागलं तरी बोंबलतो. गप्प आहे म्हणजे फार आहे." तेव्हा औषध मिळालं.

पाच ते सहा

भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. एका वेळी एकच माणूस. पहिले काही दिवस अण्णा आले नाहीत. मृणाल म्हणायची, त्यांचा गुडघा दुखतोय. नंतर कळलं, ते रोज यायचे आणि खाली बाकावर बसून परत जायचे.

पंकज आला, डावा हात गळ्यात. खांद्याचं हाड चिरलं होतं. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. तो म्हणाला, "खांदा गेला तं गेला, भरून येईन. पण तू मले सांगाचं होतं ना बे. कानात सांगाचं होतं. मी पडलो असतो ना नुसता." मग बराच वेळ तो उजव्या हाताने डोळे पुसत बसला आणि मला माझे पुसता येत नव्हते, तर माझेही त्यानेच पुसले.

मृणालने मात्र सोडलं नाही. ती शिकवण्या संपवून कोथरूडहून दोन बस बदलून यायची, केस विस्कटलेले, आणि एक दिवस भांडलीच. "तो मानेवर पडला असता तर? काय तोंड दाखवलं असतं त्याच्या आईला? हात हलत नाहीत हे तुला माहीत होतं, महेश. माहीत होतं." मी म्हटलं, "अण्णा बसले होते." ती म्हणाली, "तुम्ही दोघं बापलेक ना, एकमेकांशी बोलला असतात तर माझं आयुष्य सोपं झालं असतं." तिने वाटीतलं मुगाचं वरण चमच्याने माझ्या तोंडात घातलं. राग होता म्हणून चमचा जरा जोरात लागला दातांवर.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पडदा सरकला तर अण्णा. टोपी हातात. खुर्चीवर बसले आणि उशाशी असलेल्या मॉनिटरवरचे आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी उठून गेलो त्या दिवशी." मी म्हटलं, "बघितलं मी." "मला वाटलं नाटकच हाय." मी म्हटलं, "मलाही आधी तसंच वाटलं, अण्णा."

पंकजने त्यांना आमची रीत सांगितली होती. त्यांनी माझा हात घेतला. तालमीतला हात, अजून खरखरीत. एकदा दाबला. मी सगळा जीव बोटांत आणला. काही नाही. त्यांनी मान हलवली, "असू दे" म्हणाले, आणि सहा वाजेपर्यंत हात तसाच धरून बसले. मग रोज तेच. आले की दाबायचे, थांबायचे, असू दे म्हणायचे. इतकी वर्षं त्यांनी यावं म्हणून मी तरसलो आणि आले तेव्हा साधं उत्तर देता येईना.

सकाळचा आकडा अकरावर तीन दिवस अडून राहिला. चौथ्या दिवशी बारा झाला. सिस्टर म्हणाल्या, "काका, बारा!" जणू त्यांचाच दहावीचा निकाल लागला. मशीन टळलं. पण हात तसेच होते. आणखी एक आठवडा गेला, मी वॉर्डात आलो, जगतापमावशी भेटल्या, त्यांची अखंड बडबड भेटली. आणि एका संध्याकाळी अण्णांनी नेहमीसारखा हात दाबला, असू दे म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

"दाबलास?"

"हो."

"परत."

मी परत दाबला. फार नाही, मुंगी चावावी तेवढा. अण्णा उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. जगतापमावशी ओरडल्या, "अहो, बघायला काय मिळतंय तिकडे, पोराकडे बघा!"

कणीक

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले. ते कंटाळवाणे आहेत, रडू येईल इतके. करायचे. हातासाठी मृणालने परातीत कणीक दिली, "मळ." पहिल्या दिवशी पाण्याचा आणि पिठाचा लगदा झाला. महिनाभर आमच्या घरी पोळ्या दगडासारख्या होत्या आणि अण्णा एक अक्षर न बोलता खात होते. या वयात, या दातांनी.

चालायला लागलो. आधी वॉकर, मग काठी, आता बुटात एक पट्टी असते कारण उजवं पाऊल अजून लोंबतं. सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी या वेळी विनोद केला नाही. "चालाल, गाडी चालवाल, नोकरी कराल. उचलून आपटणं आणि आपटून घेणं मात्र संपलं असं धरा."

भाऊ, इथे मी तुला खोटी उमेद देणार नाही. सगळं परत मिळत नाही. मला रिंगची इतकी आठवण येते की कधी कधी जेवताना घास थांबतो. पडद्यामागे उभं असताना बाहेर आपलं नाव पुकारलं जातं तो क्षण. भस्माचा आणि बामचा मिसळलेला वास. पाठ आपटल्यावर छातीतून निघून गेलेला श्वास हळूच परत येतो तो. आणि ती हुर्यो. टाळ्या नाहीत, मला टाळ्या कधी मिळाल्याच नाहीत, पण ती हुर्यो माझी होती. पंकज म्हणाला, पट्टा घरी ने, तुझाच होता तो. मी नको म्हटलं. भिंतीवर टांगून रोज बघवला नसता.

परत

गेल्या महिन्यात लिमये सरांचा फोन आला. "गुडघे गेले माझे. खाली बसलो की उठायला क्रेन लागते. पंचाचा शर्ट तुम्ही घाला. एक माप मोठा शिवून घेतलाय, अलीकडे आपलं चालणं कमी झालंय असं कळलं." मी दोन दिवस हो-नाही करत होतो. मृणाल म्हणाली, "जा. पण कुणी म्हणालं ठीक आहे, चालू ठेवा, तर ऐकू नकोस." मी म्हटलं, ते मला सांगायला नको.

दुपारचाच शो, तोच हॉल. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून मी दोरांमधून वाकून आत गेलो, कुणी हुर्यो केली नाही. पंचाला कोण ओळखतं? पंकज होता, खांदा बरा झालेला. मधेच तो पडला. मी गुडघ्यावर बसलो, त्याचा हात घेतला आणि दाबला. त्याने लगेच परत दाबला आणि ओठ न हलवता म्हणाला, "मी ठीक हावो. तू सांग." माझा हात त्याने सोडलाच नाही, मला ओढून घ्यावा लागला.

शो संपला. लोक गेले, खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या. मी रिंगमध्ये एकटाच होतो. काय वाटलं कुणास ठाऊक, हळूच बसलो, मग आडवा झालो. पाठीखाली तेच प्लायवुड, वर तेच दिवे. डोळे मिटले.

पायऱ्यांवर कुरकुर झाली. अण्णा वर चढत होते, दोर धरून, एकेक पाय. या वेळीही ते तिसऱ्या रांगेत होते, शेवटपर्यंत बसलेले. ते जवळ आले, कष्टाने खाली बसले, माझा हात हातात घेतला आणि दाबला.

मी लगेच दाबला नाही. हात चांगला होता, दाबता आला असता. पण दाबला की उठावं लागणार होतं, आणि मला अजून थोडा वेळ तिथे पडून राहायचं होतं.

अण्णांनी घाई केली नाही. "असू दे," ते म्हणाले, "मी हाय इथं." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा दाबला, आणि मग मी दाबला.